वॉटमीटरचं रीडिंग लॅपटॉपवर घ्यायचं तर आधी ग्राउंडचा विचार करा

विजेवर उडणारी मॉडेल विमानं बनवणाऱ्या बहुतेकांच्या पेटीत बॅटरी आणि ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) यांच्या मध्ये लावायचा, दोन ओळींच्या डिस्प्लेचा स्वस्त वॉटमीटर असतो. व्होल्ट, ॲम्पिअर, वॉट, एमएएच (खर्च झालेला चार्ज), सगळं तो दाखवतो. पण शेवटी बहुधा बघितले जातात ते दोन आकडे: सर्वांत जास्त करंट आणि सर्वांत कमी व्होल्टेज. हे दोन्ही एकाच क्षणाचे असतीलच असं नाही. थ्रॉटल झटकन पूर्ण उघडला की प्रॉपेलर वेग घेईपर्यंत करंट क्षणभर उसळतो, तर व्होल्टेजचा तळ चाचणीच्या शेवटी, बॅटरी दमल्यावर येतो. त्यांचा गुणाकार करून काढलेले वॉट मोटरने कधी घेतलेलेच नसतात. खरं काय घडलं ते आलेखावर दिसतं, म्हणून मीटर संगणकाला जोडायचा.

या मीटरना बहुधा डेटा पोर्ट नसतो. डिस्प्लेकडे जाणाऱ्या सिग्नलवर डल्ला मारता येतो, पण मिळतात ते पडद्यावरचेच सावकाश बदलणारे आकडे. ईएससी बीएलहेली ३२ प्रकारची असेल तर तिची टेलिमेट्री (मोजमापं बाहेर पाठवणारी) वायर ११५२०० बॉडने (सेकंदाला तितक्या बिटच्या वेगाने) व्होल्टेज, करंट आणि आरपीएम देते, पण प्रत्येक विमानात तशी ईएससी नसते. सगळ्यांत भरवशाचा मार्ग म्हणजे मीटरमधला शंट (करंट मोजायचा अगदी कमी रोधाचा तुकडा) तसाच ठेवून त्यावर आयएनए २२६ हा मोजणारा चिप लावायचा आणि आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डमार्फत आकडे यूएसबीवर पाठवायचे. दोन्ही वस्तू मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत शोधता येतात, ऑनलाइन तर मिळतातच.

मीटर उघडला की एक जाड वायर सरळ आरपार गेलेली दिसते आणि दुसरीच्या वाटेत शंट असतो. बऱ्याच मीटरमध्ये तो निगेटिव्हच्या बाजूला असतो, पण गृहीत धरू नका, मल्टिमीटरने तपासा. शंट साधारण १ मिलिओहमचा असेल तर १० ॲम्पिअरला त्यावर १० मिलिव्होल्ट दिसतात. आयएनए २२६ जास्तीत जास्त ८१.९२ मिलिव्होल्ट मोजतो, म्हणजे या शंटवर मर्यादा जवळपास ८२ ॲम्पिअर. एक पायरी २.५ मायक्रोव्होल्टची, म्हणजे २.५ मिलिॲम्पिअरची. आपल्या कामाला हे भरपूर झालं. ६० ॲम्पिअरला शंटमध्ये ३.६ वॉट उष्णता होते, त्यामुळे पूर्ण थ्रॉटलची चाचणी दहा-पंधरा सेकंदांत आटपा.

बाजारातल्या आयएनए २२६ मॉड्यूलवर बहुधा आर१०० छापलेला ०.१ ओहमचा रोधक आधीच बसवलेला असतो. तो काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो राहिला आणि सेन्स वायरमध्ये फिल्टरचे रोधक लावले, तर चिपला खऱ्या व्होल्टेजचा अर्धा टक्काच दिसतो. सगळी जोडणी बरोबर असून करंट शून्याच्या आसपास घुटमळत असेल, तर आधी इथेच बघा.

पुढची जोडणी शंट निगेटिव्हमध्ये असल्याचं धरून. शंटचं ईएससीच्या बाजूचं टोक चिपच्या इन प्लस पिनला, बॅटरीच्या बाजूचं इन मायनसला. दोन्ही वायर बारीक, एकमेकींना पिळलेल्या, आणि डाग थेट शंटच्या अंगावर, त्याच्या आतल्या बाजूला. जाड वायरच्या सोल्डरवर डाग दिलात तर त्या सोल्डरचा रोधही मोजला जातो, आणि १ मिलिओहमच्या हिशेबात तो चांगलाच जाणवतो. दोन्ही वायरमध्ये १० ओहमचा एकेक रोधक आणि चिपजवळ इन प्लस व इन मायनसच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे ईएससीच्या स्विचिंगचा गोंगाट आटोक्यात राहतो. मॉड्यूलचा ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची बाजू) बॅटरीच्या बाजूच्या निगेटिव्हला जोडा. व्हीबस (व्होल्टेज मोजणारी पिन) बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मध्ये १ किलोओहमचा रोधक घालून. चिपचा इनपुट रोध ८३० किलोओहम असल्याने चूक ०.१२ टक्क्यांचीच होते, आणि वायर कुठे टेकली तरी करंट मर्यादित राहतो. व्हीबसची मर्यादा ३६ व्होल्ट आहे. ६एस म्हणजे सहा सेलच्या बॅटरीचं व्होल्टेज पूर्ण चार्जला २५.२ व्होल्ट होतं, ते ठीक. ८एसचे ३३.६ व्होल्ट कागदावर बसतात, पण बॅटरी जोडतानाची उसळी धरता ते टाळाच. मॉड्यूलला वीज नॅनोच्या ५ व्होल्टवरून, एसडीए आणि एससीएल या डेटाच्या पिना अनुक्रमे नॅनोच्या ए४ आणि ए५ला.

आता ग्राउंड. लॅपटॉपचा यूएसबी ग्राउंड या जोडणीमुळे बॅटरीच्या निगेटिव्हला भिडला आहे. एवढ्याने बिघडत नाही. पण त्याच लॅपटॉपला ईएससीची प्रोग्रामिंग केबल लावली, किंवा त्याच्याच यूएसबीवरून सर्व्हो टेस्टर चालवला, की ईएससीचा ग्राउंडही तिथे येतो. मग मोटरचा थोडा करंट शंट टाळून यूएसबीच्या बारीक वायरमधून परततो. रीडिंग कमी दिसतं, ही त्यातल्या त्यात सौम्य खूण. निगेटिव्हचा कनेक्टर ढिला असेल तर सगळाच करंट त्या वाटेने जातो आणि पोर्ट जळतो. डेस्कटॉपचा ग्राउंड मेन्सच्या अर्थिंगला जोडलेला असतो, त्यामुळे अर्थ केलेला ऑसिलोस्कोप सोबत लावला तरी हेच होऊ शकतं. उपाय दोन: एडीयूएम ३१६० किंवा ४१६० चिपचा यूएसबी आयसोलेटर (डेटा जाऊ देणारा, पण ग्राउंड तोडणारा), नाहीतर नॅनोला पॉवर बँकेवर चालवून ब्लूटूथने आकडे पाठवणं. एक काहीतरी कराच.

आयएनए २२६च्या कॉन्फिगरेशन रजिस्टरमध्ये (सेटिंग साठवायच्या जागेत) हेक्स ४५२७ लिहा. त्यात सोळा मोजमापांची सरासरी आणि प्रत्येकी १.१ मिलिसेकंदाचं रूपांतर असतं. व्होल्टेज आणि करंट मिळून एका रीडिंगला ३५.२ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ रीडिंग. कॅलिब्रेशन रजिस्टरच्या वाटेला जाऊ नका. शंटचं कच्चं व्होल्टेज वाचा आणि रोधाने भागायचं काम संगणकावर करा, म्हणजे शंटची किंमत सुधारली की जुन्या फाइलीही सुधारता येतात. नॅनोने वेळ, व्होल्टेज आणि शंटचा आकडा स्वल्पविरामाने तोडून ११५२०० बॉडने पाठवावा. पोर्ट उघडताच नॅनो रीसेट होतो आणि वेळ शून्यावर येते, तेव्हा एमएएचची बेरीजही संगणकावरच करा: ॲम्पिअर-सेकंद भागिले ३.६. पोर्ट दिसतच नसेल तर स्वस्त नॅनोवर बहुधा सीएच ३४० चिप असते, विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर लागतो.

शंटची खरी किंमत ठरवायला ३एस बॅटरीवर गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब लावा आणि मल्टिमीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर त्याच वाटेत ठेवा. बल्ब साडेचार-पाच ॲम्पिअर घेतो. तो तापून स्थिर झाला की शंटचं व्होल्टेज भागिले मल्टिमीटरचा करंट, हाच तुमचा रोध. प्रॉपेलरपेक्षा बल्ब कितीतरी स्थिर.

मीटरमुळे बॅटरी आणि ईएससीमधल्या वायरची लांबी वाढते आणि त्याचा ताण ईएससीच्या कपॅसिटरवर येतो. दर १० सेंटिमीटर वाढीव लांबीला २२० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर ईएससीजवळ, हा रूढ नियम पाळावा. लॅपटॉप आणि माणसं प्रॉपेलरच्या फिरण्याच्या रेषेत नकोत, मागे हवीत.

दोन प्रॉपेलरची तुलना करताना दोन्ही वेळा बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या, ३एस असेल तर १२.६ व्होल्टपासून, आणि फाइलच्या नावातच प्रॉपेलरचं माप लिहा. प्रॉपेलरला लागणारी शक्ती आरपीएमच्या घनाप्रमाणे बदलते. व्होल्टेज कमी असल्याने आरपीएम पाच टक्क्यांनी उतरले तर वॉट साधारण १४ टक्क्यांनी उतरतात, आणि तो फरक प्रॉपेलरच्या खात्यावर जमा होतो.