बर्चच्या सालीची 36 फुटी नाव

आजचा सगळा दिवस कॅनडातल्या जुन्या फर (केसाळ कातडी) व्यापाराच्या होड्यांमध्ये गेला. मूळ तंत्र अनिशिनाबे या तिथल्या आदिवासी लोकांचं आणि त्यांच्या शेजाऱ्यांचं, हे आधी सांगायलाच हवं.

मॉन्ट्रियलहून सुपीरियर सरोवराकडे जाणारी नाव सुमारे 36 फुटी, माल तीनेक टन! आधी बर्चच्या सालीचं कवच, झाडावरची पांढरी बाजू आत. मग सीडरच्या बरगड्या ठोकून बसवायच्या. शिवण स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या मुळांची. सांध्यांवर स्प्रूसची राळ चरबीत वितळवून. खरी मेख इथेच: चरबी कमी पडली तर राळ थंडीत तडकते, जास्त झाली तर उन्हात मऊ पडते.

पुढच्या अरुंद नद्यांना 25 फुटी नाव. 1793 मध्ये फर व्यापारी आणि शोधप्रवासी अलेक्झांडर मॅकेन्झी पॅसिफिककडे निघाला तो साधारण एवढ्याच नावेतून. वाटेत ती खडकांवर फुटली. साल आणि राळ लावून पुन्हा पाण्यात उतरवली. शेवटचे डोंगर त्यांनी पायीच ओलांडले.