प्रथम की प्रथमच?

भांडण एका वाक्याचं. ‘इन धिस पेपर, वी फर्स्टली प्रपोज अ टू-स्टेज मेथड’. काँक्रीटच्या फोटोंतून भेगा ओळखणाऱ्या प्रोग्रामवरचा शोधनिबंध, चीनमधल्या एका विद्यापीठातून आलेला, साडेचार हजार शब्द, मुदत ४८ तास. पुण्यात बसून चिनी संशोधकांचं इंग्रजी दुरुस्त करणं हे आमचं काम. मी ‘फर्स्टली’ काढून ‘फॉर द फर्स्ट टाइम’ केलं. लेखकाने सगळे बदल एका क्लिकने मान्य केले, निबंध जर्नलकडे गेला आणि अडीच महिन्यांनी दुसऱ्या रिव्ह्यूअरचा, म्हणजे निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञाचा, शेरा आला: दोन टप्प्यांची पद्धत याआधी दोन गटांनी मांडलेली आहे, तेव्हा ‘पहिल्यांदाच’ हा दावा खोटा. लेखकाने आम्हाला दोनच ओळी लिहिल्या. असा दावा आम्ही केलेला नव्हता, तो तुमच्याकडून आला.

खरं होतं त्याचं.

मराठी माणसाला हा घोळ समजवायला फार वेळ लागत नाही. ‘आम्ही प्रथम ही पद्धत मांडली’ म्हणजे आधी पद्धत मांडली, मग तपासली? की आमच्याआधी कुणी मांडलीच नव्हती? दुसरा अर्थ हवा असेल तर आपण ‘प्रथमच’ म्हणतो. सगळा भार त्या ‘च’वर. चिनी भाषेत त्यासाठी दोन सरळ वेगळे शब्द आहेत. ‘शोउ-श्येन’ म्हणजे आधी, सुरुवातीला. ‘शोउ-त्स’ म्हणजे पहिल्या खेपेला. पहिलं अक्षर तेच, दुसरं वेगळं. स्वतःच्या भाषेत लिहिताना यात चिनी लेखक चुकत नाही. इंग्रजीत मात्र दोन्हींचं ‘फर्स्टली’ होतं, कारण शाळेत घोटलेला नियम: क्रियापदाला विशेषण चिकटवायचं तर शेवटी ‘ली’ लावा. ‘फर्स्ट’ हे मुळातच क्रियाविशेषणाचंही काम करतं, हे शब्दांच्या याद्या सांगत नाहीत. तिथल्या मुलांचे बरेच शब्दसंग्रह वर्णानुक्रमाने, ‘अबॅन्डन’पासून सुरू होतात. पहिलाच शब्द ‘सोडून दे’, यावर मुलं स्वतःच विनोद करतात. एका शब्दासमोर एक चिनी प्रतिशब्द, पाठ केला की पुढचा.

आता ‘फर्स्टली’ दिसला की काय करायचं? आधी पूर्ण फाइलमध्ये शोध मारायचा. या निबंधात तो सहा वेळा होता. तीन ठिकाणी पुढे ‘देन’ आणि ‘फायनली’ होतं, म्हणजे क्रम. तिथे नुसतं ‘फर्स्ट’ आणि स्वल्पविराम. दोन ठिकाणी दुसऱ्या संशोधकाचं नाव आणि साल होतं, ‘वॉज फर्स्टली प्रपोज्ड बाय’ असं. तिथे अर्थ पक्का, फक्त ‘ली’ उडवायचं. उरला सारांशातला एक. पुढे ‘देन’ नाही, नाव नाही, साल नाही. अशा जागी संपादकाने अर्थ ठरवायचा नसतो, समासात प्रश्न टाकायचा असतो. मी अर्थ ठरवला.

ठरवला तो निष्कर्षातल्या एका शब्दावरून. तिथे ‘द इनोव्हेशन पॉइंट्स ऑफ धिस पेपर’ म्हणून तीन मुद्दे होते आणि पहिलाच मुद्दा ही दोन टप्प्यांची पद्धत. मला वाटलं, माणूस स्वतःच नवी आहे म्हणतोय. पण ‘छ्वांगशिन-तियेन’, नावीन्याचा मुद्दा, ही तिकडे लिखाणाची ठरलेली जागा आहे. प्रबंधात ती असते. चीनच्या राष्ट्रीय निसर्गविज्ञान निधीच्या अर्जातही प्रकल्पाचं वेगळेपण आणि नावीन्य सांगण्याचा स्वतंत्र भाग वर्षानुवर्षं राहिला आहे. रकाना भरावाच लागतो, मग जे काही केलं ते तिथे लिहिलं जातं. जगात पहिलं असल्याची ती शपथ नव्हे. आपल्याकडे प्रबंधात ‘संशोधनाचं महत्त्व’ लिहितात, त्यातला प्रत्येक शब्द कोण खरा धरतो?

‘छ्वांगशिन’ या एका शब्दात इंग्रजीतले तीन मावतात. केलेलं काम सांगायचं तर ‘कॉन्ट्रिब्यूशन’. आधीच्या कामापेक्षा वेगळं काय ते सांगायचं तर ‘नॉव्हेल्टी’, आणि तेव्हा आधीचं काम नावानिशी सांगावं लागतं. ‘इनोव्हेशन’ हा शब्द नवी गोष्ट वापरात, उद्योगात उतरली की शोभतो. शोधनिबंधात शंभरातल्या नव्वद वेळा नको. (आपणही फार शहाणे नाही. राज्य सरकारच्या एका विभागाच्या नावात ‘नाविन्यता’ आहे. ‘नावीन्य’ हे भाववाचक नाम असताना त्याला आणखी एक ‘ता’ कशाला, कुणास ठाऊक.)

सगळ्यात बोचतं ते वेगळंच. फाइलच्या शेवटच्या पानावर चिनी सारांश होता. आमच्याकडे मोबदला इंग्रजी शब्दांवर, चिनी अक्षरं मोजणीत धरत नाहीत, त्यामुळे ते पान कुणी पाहत नाही. मला चिनी वाचता येत नाही, पण दोन अक्षरांचे आकार ताडून पाहायला भाषा यावी लागत नाही. तक्रार आल्यावर पाहिलं: ‘शोउ-श्येन’. आधी. त्याच वाक्यात पुढे ‘मग’सुद्धा होतं, इंग्रजी करताना लेखकाने वाक्य तोडलं आणि ‘मग’ गळून पडलं. उत्तर फाइलमध्येच होतं.

एका शब्दाने किती नुकसान होतं याचं जाहीर उदाहरण २०१६चं. मानवी हाताच्या हालचालींवरचा चिनी संशोधकांचा निबंध ‘प्लॉस वन’ या विज्ञानाच्या जर्नलमध्ये आला, त्यात हाताची रचना ‘क्रिएटर’ने, म्हणजे सृष्टिकर्त्याने, केल्याचं लिहिलं होतं. गदारोळ झाला. लेखकांनी सांगितलं की त्यांना निसर्ग म्हणायचं होतं, इंग्रजी त्यांची भाषा नव्हे. तरी निबंध मागे घेतला गेला. तो छापायच्या आधी तपासणाऱ्यांच्या डोळ्यांखालून गेला होता, हे बोलताना लोक विसरतात.

त्यानंतर मी चिनी लेखकांसाठीच्या आमच्या शब्दतक्त्यात भर घातली. ‘श्येनचू’साठी, म्हणजे ठळक, लक्षणीय यासाठी, ‘सिग्निफिकंट’ लिहायचं तर संख्याशास्त्रीय चाचणी केलेली हवी, नाहीतर ‘मार्कड्’. ‘स्वोवेइ’साठी ‘सो-कॉल्ड’ नको. चिनीत तो अनेकदा साधा ‘ज्याला म्हणतात तो’ असतो, इंग्रजीत टोमणा होतो. ‘फामिंग’ म्हणजे शोध लावून बनवलेली नवी गोष्ट, ‘फाश्येन’ म्हणजे आधीपासून असलेलं सापडणं. पेटंट पहिल्याला मिळतं, दुसऱ्याला चिनी कायद्यातही नाही. मराठीत दोन्हीला ‘शोध’ म्हणून आपण मोकळे होतो.

हल्ली बरेच जण चिनीत लिहून यंत्राकडून इंग्रजी करून घेतात. ‘फर्स्टली’ कमी दिसतो. वाक्य गुळगुळीत येतं आणि दोन अर्थांतला एक यंत्राने आधीच निवडलेला असतो. आम्हाला शंका यावी असा खडासुद्धा दाताखाली येत नाही.

परवा तसलंच वाक्य पुन्हा आलं, जुन्या पद्धतीचं, हाताने लिहिलेलं. या वेळी समासात विचारलं: क्रमाने आधी, की कुणीही करण्याआधी? लेखकाचं उत्तर एका शब्दाचं होतं. ‘बोथ’.