लिंबावरच्या अळ्या पाळताना

कुंडीतल्या लिंबाला पालवी फुटली की पिवळ्या-काळ्या लिंबू फुलपाखराची मादी तिच्याभोवती घिरट्या घालू लागते. कोवळ्या पानावर क्षणभर टेकते, एक अंडं चिकटवते, की चालली पुढच्या पानाकडे. यंदा मी अशा अंड्यांची डहाळी घरात आणली. छोट्या बाटलीत पाणी भरून ती खोवली आणि तोंडाशी कापूस गच्च बसवला. कापूस नसला तर अळ्या देठावरून उतरून पाण्यात बुडतात.

तीन-चार दिवसांत अंडं फुटलं. अळीचं पहिलं जेवण म्हणजे अंड्याचं कवचच. लहानपणी ती तपकिरी-काळी, मध्ये पांढरट पट्टा, थेट पक्ष्याची शीट! कात टाकण्याआधी ती निपचित पडते, तेव्हा तिला अजिबात हलवायचं नाही.

चौथ्यांदा कात टाकल्यावर अळी हिरवीगार होते आणि आपली धावपळ सुरू होते. रात्री भरगच्च असलेली डहाळी सकाळी नुसती काडी. पाला बिनफवारणीचाच हवा, आणि विष्ठा रोज काढायची, नाहीतर बुरशी धरते. एकीला ब्रशने जरा ढकललं तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेलं शिंग बाहेर आलं. काय तो उग्र वास!

मग एक दिवस तिने खाणं सोडलं, पातळ विष्ठा टाकली आणि सैरभैर फिरू लागली. मी उभी काडी ठेवली. तिने शेपटाखाली रेशमाची गादी विणली आणि डोकं डावी-उजवीकडे झुलवत कमरेभोवती धागा घेतला. शेवटची कात खाली सरकवून टाकताना शेपटाचे आकडे गादीत रुतवायचे असतात. तो अर्धा मिनिट माझाच श्वास अडकला. वाळक्या काडीवरचे कोष तपकिरी झाले, पानांतले हिरवे.

पुढे नुसती वाट पाहायची. बाहेर पडायच्या आदल्या रात्री कोष काळसर होऊन आतली नक्षी दिसते. सकाळी फुलपाखरू निघालं ते चुरगळलेले पंख घेऊन. ते लोंबकळत राहिलं, पंखांत द्रव भरून ते पसरले. वाळायला एक-दोन तास द्यावेत. घाईने हात लावला तर पंख कायमचे वाकडे.

गॅलरीतल्या कुंडीवर राहिलेल्या एका कोषातून मात्र फुलपाखरू आलंच नाही. त्याला टाचणीएवढं भोक पडलं आणि बारीक परजीवी गांधीलमाश्या निघाल्या. ताजा कोष मऊ असतानाच त्या आत अंडी घालतात.