गावी गेलं की पोट ताळ्यावर

आमच्या किडनी ओपीडीत आहारतज्ज्ञाची खोली जिन्याखाली. डॉक्टर तपासतात, केसपेपरवर 'डाएट' असं खरडतात आणि रुग्ण माझ्याकडे येतो. हा ३६ वर्षांचा गृहस्थ तिसऱ्यांदा आला होता. पाच वर्षांत चारदा मुतखडे, क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा) २.१, म्हणजे वाढलेलं, हिमोग्लोबिन ८.४. लोहाच्या गोळ्या वर्षभर चालू, पण आकडा जागचा हलत नव्हता.

पहिल्या भेटीत मी त्याला आमचा छापील तक्ता दिला होता. पालक, बीट, तीळ बंद, कारण त्यांत खडे करणारं ऑक्झॅलेट भरपूर. दूध बेताचं. त्यातलं शेवटचं मला अजून टोचतं.

या खेपेला बायको सोबत होती. काल काय काय खाल्लं, विचारलं. सकाळी चहा-पोळी, चाकणला कंपनीच्या कँटीनमध्ये चार पोळ्या, रात्री परत पोळी-भाजी. मग ती आवाज बारीक करून म्हणाली, "मॅडम, यांना दिवसातून चार-पाचदा जावं लागतं. मंगळवेढ्याला पंधरा दिवस राहिलो की पोट ताळ्यावर येतं. सासूबाई म्हणतात, पुण्याचं पाणी बाधतं."

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. तिथं तिन्ही त्रिकाळ भाकरी, गव्हाची पोळी नाही. मी पेन खाली ठेवलं. शौच तेलकट होतं का, पाण्यावर तरंगतं का, विचारलं. तो बायकोकडे बघायला लागला. म्हणजे होतं.

केसपेपर घेऊन मी तशीच डॉक्टरांकडे गेले. माझा संशय सीलिअ‍ॅकवर होता. या आजारात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याचं अस्तर सपाट होत जातं. लोह शोषलं जात नाही, चरबीही नाही. खाण्यातलं कॅल्शियम एरवी आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून शौचावाटे बाहेर नेतं. इथं ते न पचलेल्या चरबीलाच चिकटतं. मोकळं राहिलेलं ऑक्झॅलेट रक्तात जातं, तिथून किडनीत. त्याचे खडे होतात, स्फटिक किडनीच्या आतही साचतात. आणि मी त्याचं दूधच कमी केलं होतं!

डॉक्टरांनी टीटीजी अँटिबॉडी, म्हणजे सीलिअ‍ॅकची रक्तचाचणी, लिहिली. सोबत एकूण आयजीए (टीटीजी ज्या प्रकारात मोजतात ती अँटिबॉडी), कारण ते मुळात कमी असेल तर टीटीजी खोटी नॉर्मल येते. शिवाय २४ तासांची लघवी. सीलिअ‍ॅकच्या रुग्णांत आयजीए नेफ्रोपॅथी, म्हणजे आयजीए किडनीत साचून होणारा आजार, जास्त आढळते, तीही त्यांच्या डोक्यात होती. पण लघवीत रक्त नव्हतं, प्रथिनं नाममात्र. टीटीजी नॉर्मल मर्यादेच्या दहापटीहून जास्त आली. दिवसभराच्या लघवीत ऑक्झॅलेट ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं, ते ९२.

एंडोस्कोपीला दहा दिवस होते. तोवर पोळी चालूच ठेवा, नाहीतर बायोप्सी फसवेल, असं सांगितल्यावर बाई माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिल्या की हिला आधी तपासा.

बायोप्सीनं शिक्कामोर्तब केलं. गहू बंद. भाकरी, भात, नाचणी त्यांना नवीन नव्हतं. दूध-दही जेवणासोबत परत सुरू केलं. तरी चार महिन्यांनी पोट अर्धवटच सुधारलेलं. रवा नाही, शेवया नाहीत, फरसाण नाही. मी एकेक डबा विचारत गेले. शेवटी म्हटलं, "ताई, हिंग कुठला?" त्यांनी घरी फोन लावून मुलीला डबी वाचायला सांगितली. मुलीनं अडखळत वाचलं: "गव्हाचं पीठ, डिंक, हिंग." रोजच्या फोडणीत!

हिंग बंद केल्यावर पोट थांबलं. वर्षाअखेर हिमोग्लोबिन १२ वर गेलं. क्रिएटिनिन १.७ वर येऊन थबकलं, त्याखाली उतरलं नाही. तक्त्यातलं 'दूध बेताचं' मी खोडलंय. सासूबाई मात्र अजून पाण्यालाच नावं ठेवतात.