लालबागच्या पाट्या: पीसीओच्या खाली सापडलेली खानावळ

पावसामुळे दोन महिने कॅमेरा पिशवीतच राहिला, तरी लालबाग-परळच्या जुन्या पाट्यांच्या माझ्या फोटोसंग्रहात या खेपेला अकरा पाट्यांची भर पडली. त्यातल्या एका पाटीने इतकं दिलंय की बाकीच्या बहुतेक पाट्या पुढच्या नोंदीत घेतो.

चाळीच्या तळमजल्यावरचा बंद गाळा. वर पत्र्याची पाटी, पिवळ्या रंगावर लाल अक्षरांत ‘एसटीडी आयएसडी पीसीओ, झेरॉक्स’, म्हणजे पैसे देऊन फोन करायचं दुकान. मागच्या नोंदीत मी ती नव्वदच्या दशकातली म्हणून लिहून मोकळा झालो होतो. ती नोंद अपुरी होती, दुरुस्त करतो. पाटी पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे लाल रंग उन्हाने जवळजवळ गेलाय. पिवळ्याचे पोपडे सुटताहेत आणि खालून काळ्या अक्षरांचे काने वर यायला लागलेत. काजळीचा काळा रंग उन्हाला सहसा हार जात नाही.

रात्री दुकानं बंद झाल्यावर गेलो आणि विजेरी पाटीच्या अगदी कडेला धरली. समोरून उजेड टाकला तर काही कळत नाही. आडवा टाकला की ऑइल पेंटच्या थराची कड सावली धरते आणि अक्षर उठून दिसतं. (पाणी मारूनही जुना रंग गडद दिसतो, पण पोपडे सुटलेल्या पत्र्यावर कृपा करून ते करू नका.) अर्ध्या तासात एवढं लागलं: मोठ्या अक्षरांत ‘खानावळ’, त्याखाली ‘येथें मासिक जेवणाची सोय’, उजवीकडे ‘मुंबई १२’, आणि खालच्या कोपऱ्यात एक पुसलेला आकडा व त्यापुढे ‘न. पै.’

‘न. पै.’ वाचलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला. नये पैसे १ एप्रिल १९५७ ला आले आणि १९६४ मध्ये त्यातलं ‘नये’ गेलं. म्हणजे पाटी त्या सात वर्षांतली, फार तर थोडी पुढची. बाकीच्या खुणाही जुळतात. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून, त्याआधी नुसतं ‘मुंबई १२’. ‘येथें’वरचा अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी काढून टाकला. पण निव्वळ अनुस्वारावर साल ठरवू नका. पाटी पुन्हा रंगवताना पेंटर जुनीच अक्षरं गिरवतो, शिवाय शाळेत शिकलेला अनुस्वार हातातून लवकर जात नाही.

सकाळी समोरच्या बाकावर बसलेल्या काकांना फोटो दाखवला. गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. म्हणाले, “आमच्या खात्यातले आठ-दहा जण हितंच जेवायचे. महिन्याचं खातं. पगार झाला की आधी खानावळ, मग गावची मनीऑर्डर.” १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, दीड-दोन महिन्यांत जेवणारे गावी गेले. गाळा काही वर्षं बंद होता, मग पीसीओ आला.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला पाटीपेक्षा मोठी वाटते. गिरणगावातल्या कितीतरी खानावळींना पाटीच नव्हती. बाई आपल्या खोलीतच दहा-पंधरा जणांचं रांधायची, भोंग्याच्या वेळा सांभाळायची, आणि पत्ता तोंडोतोंडी कळायचा. याच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. आपण पाट्या जमवतो तेव्हा ज्याला गाळा परवडत होता त्याचाच इतिहास जमतो. म्हणून आता वहीत वेगळं पान केलंय: पाटी नसलेल्या खानावळी, काकांनी सांगितलेल्या चाळींच्या क्रमाने. पहिल्याच दिवशी चार नोंदी झाल्या.

दुसरी पाटी थोडक्यात. तीन गल्ल्या पलीकडे, गावकीच्या खोलीच्या (एका गावच्या मंडळींची मुंबईतली सामायिक खोली) दारावर लाकडी फळी: ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’, खाली ‘ता. देवगड, जि. रत्नागिरी’. देवगड ज्यात गेलं तो सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला, त्यामुळे फळी त्याआधीची धरायला हरकत नाही. कोकणातल्या पाट्या पाहणाऱ्यांनी ‘जि. कुलाबा’सुद्धा शोधावं, तोही १९८१ मध्येच रायगड झाला.

घरी दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि ‘ळ’वर नजर अडकली. ‘खानावळ’मधला आणि ‘मंडळ’मधला. दोन्हींचा डावा वाटोळा उजव्यापेक्षा मोठा, दोन्ही ठिकाणी शिरोरेषेपासूनचा दांडा किंचित तिरका, आणि शेवटी कुंचला उचलताना राहिलेली तीच बारीक शेपटी. फळीवर पेंटरची सही होती, पण कोपरा कुजलाय आणि ‘आर्ट्‌स’ एवढंच उरलंय. एकाच हाताचं काम असेल असं मला मनापासून वाटतंय. रविवारी दोन्हीकडे फूटपट्टी लावून, समोरासमोर कॅमेरा धरून पुन्हा फोटो काढतो आणि अक्षरं एकावर एक ठेवून पाहतो. लालबागच्या आसपास असाच ‘ळ’ कुणाच्या संग्रहात असेल तर पाटीची दिशा आणि पत्रा की लाकूड, एवढं नक्की कळवा.