पासवर्ड विसरलात? साइट पुसू नका

वर्डप्रेसचा, म्हणजे वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरचा, पासवर्ड विसरलेल्या माणसाचा फोन आला की मी आधी एकच विचारते, "होस्टिंगचं लॉगिन आहे ना हाताशी?" हो म्हटलं की माझा जीव भांड्यात पडतो. होस्टिंग म्हणजे साइट जिच्या सर्व्हरवर ठेवलेली असते ती सेवा; तिचं लॉगिन असेल तर साइट कुठे जात नाही. तरी घाबरून सगळं उडवून नव्याने इन्स्टॉल करायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. वर्षानुवर्षांचं लेखन असतं हो त्यात!

लॉगिनच्या पानावरचं 'पासवर्ड विसरलात?' आधी वापरून पाहा. पण पुष्कळदा तो मेल येतच नाही, स्पॅममध्येही सापडत नाही. वर्डप्रेस तो थेट सर्व्हरवरून पाठवतं, आणि पाठवणाऱ्याची खात्री पटली नाही तर मेलसेवा तो अडवते. पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, नवी लिंक मागितली की आधीची बाद होते.

मग डेटाबेसकडे वळायचं, साइटचं लेखन आणि खाती तिथेच साठलेली असतात. होस्टिंगच्या पॅनलमधून डेटाबेस हाताळायचं साधन, म्हणजे पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडा आणि काहीही बदलण्याआधी एक्स्पोर्ट करून डेटाबेसची प्रत ठेवा. हे टाळू नका, कृपा करा. डेटाबेस अनेक दिसत असतील तर आपला कोणता, ते साइटच्या फाइलींमधल्या डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये लिहिलेलं असतं. आपल्या डेटाबेसमध्ये 'यूजर्स'ने संपणारं टेबल शोधा, आपल्या नावाच्या ओळीवर एडिट दाबा.

'यूजर पास'च्या रकान्यात अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ दिसेल. तो पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डचं उलट न फिरवता येणारं सांकेतिक रूप. त्यातून जुना पासवर्ड वाचता येत नाही, होस्टिंगवाल्यांनाही नाही. ती माळ पुसून नवा पासवर्ड लिहा आणि त्याच ओळीतल्या फंक्शनच्या यादीतून एमडी५ ही हॅश करायची जुनी पद्धत निवडा. बहुतेकांचं अडतं ते इथेच: फंक्शन रिकामं राहतं, पासवर्ड जसाच्या तसा साठतो आणि लॉगिन काही होत नाही.

एमडी५ कमकुवत आहे हे खरंच. २०२५ मध्ये आलेल्या ६.८ आवृत्तीपासून वर्डप्रेस पासवर्डसाठी बीक्रिप्ट ही जास्त भक्कम हॅश-पद्धत वापरतं. पण एमडी५ ते अजून ओळखतं आणि पहिल्या लॉगिनलाच स्वतःहून नवा हॅश करून ठेवतं. त्यामुळे सेव्ह केल्या केल्या लॉगिन करा.

आत शिरलात की प्रोफाइलमधला ईमेल पत्ता बघा. तो कधीच बंद पडलेला निघतो, असं मी फार वेळा पाहिलंय. चालू पत्ता टाका आणि एसएमटीपीचं प्लगइन (मेल खऱ्या मेलसेवेमार्फत पाठवणारी जोडणी) बसवून एक चाचणी मेल स्वतःला पाठवा.