सातव्या महिन्यात गाभडली

आमच्या भागात गायीनं गाभ टाकला की कारण ठरलेलं असतं, शिंग लागलं नाहीतर नजर लागली. परवा कॉल आला तोही तसाच, "डॉक्टर, सातव्यात गाभडली ओ, दुसरीनं ढुसणी मारली बघा, वार पण अडकलीय." (वार म्हणजे गर्भाभोवतीचं आवरण, वासरामागून पडतं ते.) गेलो तर कळलं, बाजारातून आणलेल्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गायीनं पण मध्यंतरी असंच टाकलं होतं. तिथंच मला ब्रुसेलोसिसची शंका आली, म्हणजे ब्रुसेला जंतूमुळे गाभ टाकायला लावणारा आणि माणसालाही लागणारा रोग.

गोठ्याचे मालक आण्णा, त्यांना विचारलं, त्या एचएफची वार कोणी काढली? म्हणाले मीच, हातानं ओढली, आणि उकिरड्यावर टाकली तर कुत्र्यांनी ओढत नेली. ग्लोव्हज? छे. वहिनी मधेच बोलल्या, ह्यांना रोज संध्याकाळी ताप येतोय, घामानं अंथरूण भिजतं, कंबर धरलीय, टायफॉइडच्या गोळ्या चालूयत. मला गायीपेक्षा त्यांचीच काळजी वाटायला लागली.

सगळ्या जनावरांचं रक्त घेऊन जिल्ह्याच्या लॅबला गेलो. ब्रुसेलोसिससाठीची रोझ बेंगॉल टेस्ट साधी असते, पांढऱ्या प्लेटवर सीरमचा (रक्तातल्या पातळ भागाचा) थेंब, शेजारी गुलाबी अँटिजेनचा (मारलेल्या ब्रुसेला जंतूंच्या द्रावणाचा) थेंब, काडीनं ढवळून चार मिनिटं हलवायचं. गाभडलेल्या दोघींच्या थेंबात बारीक गुलाबी कण धरले, म्हणजे टेस्ट पॉझिटिव्ह.

गाभण गायीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखर असते, ती या जंतूला भलतीच मानवते, म्हणून तो तिथंच वाढतो, वार सुजते, वासराचं पोषण तुटतं, आणि पाचव्या महिन्यानंतर गाभ पडतो. पुढच्या वेताला तीच गाय बहुतेक वेळा नीट विते, आणि माणसाला वाटतं बरी झाली! बरी नसते, दुधातून आणि वितानाच्या पाण्यातून जंतू सोडतच राहते, आणि गायीला यावर खात्रीचा इलाज नाही.

आण्णांनी विचारलंच, "मग बाजार दाखवू का?" मी हात जोडले, तुमच्या गोठ्यात हे बाजारातूनच आलंय बहुतेक, आता दुसऱ्याच्या गोठ्यात नका पाठवू. दोघी वेगळ्या बांधल्या, त्या दिवशीची वार आणि वासरू खोल खड्ड्यात चुना टाकून पुरलं, दूध उकळल्याशिवाय कोणी प्यायचं नाही असं वहिनींनी घरात सांगून टाकलं. लहान कालवडी चार ते आठ महिन्यांच्या मधल्या होत्या, त्यांना ब्रुसेलोसिसची एस-१९ लस दिली, ती सरकारी योजनेत फुकट मिळते आणि जन्मात एकदाच द्यायची असते, तरी लोक का टाळतात कळत नाही.

आण्णांना फिजिशियनकडे पाठवलं, गोठ्यातली सगळी हकीकत चिठ्ठीत लिहून दिली. तिथं रक्त तपासलं, ब्रुसेलाच निघाला. सहा आठवडे डॉक्सीसायक्लिन आणि रिफाम्पिसिन चालू केलंय.